उत्तर पटले नाही तरी तत्त्वज्ञ थोर का ठरतो?

एखादा गणितज्ञ थोर का, हे सांगणे त्या मानाने सोपे असते. त्याने अमुक प्रमेय सिद्ध केले, ते आजही सिद्धच आहे आणि पुढचे बरेच गणित त्यावर उभे आहे, एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. तत्त्वज्ञाच्या बाबतीत ही सोय नाही. आपल्याला दिसणाऱ्या वस्तूंपलीकडे त्यांची शाश्वत आणि परिपूर्ण रूपे असतात, असे प्लेटोचे मत होते. त्याच्याच विद्यापीठात वीस वर्षे काढलेल्या अॅरिस्टॉटलने ते नाकारले. देकार्तने मन आणि शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्ये, म्हणजे स्वतःच्या बळावर अस्तित्वात असणाऱ्या गोष्टी, मानली. स्पिनोझाने द्रव्य एकच असू शकते असा निष्कर्ष काढला. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मते कोणत्याही वस्तूला इतर कशावर अवलंबून नसलेला, स्वतःचा असा स्वभाव नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, मात्र जगातील पदार्थ आणि ते जाणण्याची साधने, म्हणजे प्रमाणे, यांची काटेकोर मांडणी केली. ही सगळी मते एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. म्हणजे ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांच्यापैकी अनेक जण, आणि तेही आपल्या सर्वांत महत्त्वाच्या सिद्धान्ताबाबतच, चुकलेले असले पाहिजेत. मग ज्याचे मुख्य उत्तर बहुधा चुकीचे आहे अशा माणसाला आपण थोर का म्हणतो, आणि तसे म्हणणे योग्य आहे का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. तत्त्वज्ञ म्हणजे शांत वृत्तीचा, आयुष्याचे सार चार वाक्यांत सांगणारा शहाणा माणूस, अशी एक प्रतिमा आपल्या मनात असते. असे शहाणपण मोलाचे असते, यात मला शंका नाही, आणि काही तत्त्वज्ञांपाशी ते होतेही. पण सुभाषित आणि तत्त्वज्ञानातील विधान यांत एक मूलभूत फरक आहे. सुभाषित आपल्या अनुभवाशी जुळले की आपण ते स्वीकारतो. त्याच्यामागे युक्तिवाद आहे का, असे कोणी विचारत नाही. तत्त्वज्ञाचे विधान मात्र त्याच्या कारणांपासून तोडले की निर्जीव होते. ‘सर्व काही शून्य आहे’ हे वाक्य नुसते उच्चारण्यात काहीच तत्त्वज्ञान नाही. ते वाक्य कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, कोणते पर्याय तपासून आणि नाकारून तिथपर्यंत पोहोचता आले, आणि ते मान्य केले तर आणखी काय काय मान्य करावे लागते, हे सारे मिळून तत्त्वज्ञान होते. म्हणूनच तत्त्वज्ञाची निवडक वाक्ये वाचून त्याचे मोठेपण कळत नाही.

प्रसिद्धीचेही तसेच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन विद्यापीठांत क्रिस्टियान वोल्फ या तत्त्वज्ञाच्या पद्धतीचे वर्चस्व होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हर्बर्ट स्पेन्सर हे नाव जगभरच्या सुशिक्षितांच्या तोंडी होते. आज या दोघांना मुख्यतः इतिहासाचे अभ्यासक वाचतात. उलट डेव्हिड ह्यूमने विशीत लिहिलेला मोठा ग्रंथ १७३९ आणि १७४० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो छापखान्यातून मृतावस्थेतच जन्मला, असे पुढे त्याने स्वतःच आत्मचरित्रपर टिपणात लिहून ठेवले. हाच ग्रंथ आज तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात टाळता येत नाही. समकालीनांचा कौल दोन्ही दिशांना चुकू शकतो, एवढेच यावरून दिसते. थोरपण कशात असते, ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या ग्रंथात काय होते ते पाहावे लागेल, आणि तेही सावकाश, कारण माझ्या मते या एका उदाहरणात बरेचसे उत्तर सामावलेले आहे.

उद्या सूर्य उगवेल, अशी आपली खात्री असते. ती कशावरून? आजवर रोज उगवला म्हणून. ह्यूमचा प्रश्न असा की आजवर जे घडले त्यावरून उद्याबद्दल काही ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? आजवर उगवलेला सूर्य उद्या उगवणार नाही, असे म्हणण्यात तार्किक विसंगती नाही. चौकोनी वर्तुळाची कल्पना जशी स्वतःलाच छेदते तशी ही कल्पना छेदत नाही. तेव्हा निव्वळ तर्काने ही खात्री मिळत नाही. मग अनुभवाने मिळते, असे म्हणावे, तर अनुभव फक्त झालेल्या गोष्टींचा असतो. निसर्ग आपले नियम बदलत नाही, आतापर्यंतचा भविष्यकाळही भूतकाळासारखाच निघाला आहे, असे कोणी म्हणेल. पण हे वाक्य जपून वाचले तर त्यातही तीच उडी दिसते: आतापर्यंत असे झाले, म्हणून यापुढेही असेच होईल. जे सिद्ध करायचे होते तेच गृहीत धरले गेले. विशेष उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाण्याच्या या पद्धतीला तर्कशास्त्रात विगमन म्हणतात, आणि ह्यूमने दाखवले की विगमनाचे समर्थन करायला गेलो की आपण एक तर अपुऱ्या साधनाकडे जातो किंवा गोल फिरून तिथेच परत येतो.

ह्यूमचे स्वतःचे स्पष्टीकरण असे होते की ही खात्री बुद्धीतून येत नाही, सवयीतून येते. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ घडताना पाहिल्या की पहिली दिसताच मन दुसरीची अपेक्षा करू लागते. कार्यकारणभावातील जी अपरिहार्यता आपल्याला बाहेरच्या वस्तूंमध्ये आहे असे वाटते, तिचा उगम मनाच्या या ओढीत आहे. हे स्पष्टीकरण अनेकांना पटले नाही आणि आजही पटत नाही. तरीही त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर यांत फार मोठा फरक पडला. ‘अनुभवावरून नियम कळतात’ हे मत त्याच्या आधी विनासायास बाळगता येत होते. त्याच्यानंतर ते बाळगता येते, पण त्यासाठी किंमत मोजावी लागते: अनुभवातून नियमापर्यंतचा पूल कशाचा बनला आहे, ते सांगावे लागते.

इमॅन्युएल कांटने ही किंमत मोजली. ह्यूमने आपल्याला वैचारिक झोपेतून जागे केले, अशी कबुली त्याने १७८३ साली दिली. तोपर्यंत त्याच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती निघून दोन वर्षे झाली होती. त्या ग्रंथाच्या प्रकाशनाच्या वेळी तो सत्तावन्न वर्षांचा होता, आणि त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांत त्याने फारच थोडे प्रसिद्ध केले होते. त्याने काढलेला मार्ग थोडक्यात असा: कार्यकारणभाव आपण अनुभवातून शिकत नाही हे ह्यूमचे म्हणणे खरे, पण त्यावरून तो केवळ सवयीचा परिणाम ठरत नाही. विखुरलेल्या संवेदनांचा मिळून ‘एक अनुभव’ बनण्यासाठीच काही चौकटी आधी लागतात, आणि कार्यकारणभाव ही त्यांपैकी एक आहे. या उत्तरासाठी कांटला मोठी गोष्ट सोडावी लागली. आपल्या जाणिवेपलीकडे वस्तू स्वतःहून कशी आहे, याचे ज्ञान आपल्याला कधीच होऊ शकत नाही, असे त्याला मान्य करावे लागले. त्याच्यानंतरच्यांना आता दोन अडचणी सांभाळायच्या होत्या: ह्यूमचा प्रश्न आणि कांटच्या उत्तराची किंमत.

थोर तत्त्वज्ञाची मला पटणारी ओळख ही आहे. तो येऊन गेल्यावर काही मते पूर्वीसारखी फुकट मिळत नाहीत. त्याच्याशी असहमत होणाऱ्यालाही त्याच्याच रस्त्याने जावे लागते, आणि जाताना स्वतःचे मत अधिक नेमके करावे लागते. त्याचे उत्तर टाकून देता येते, पण त्याने दाखवलेली अडचण टाकून देता येत नाही. हे मोठेपण उत्तराच्या खरेपणावर अवलंबून नसते, म्हणूनच परस्परविरोधी मतांचे अनेक तत्त्वज्ञ एकाच वेळी थोर असू शकतात.

ही ओळख फक्त युरोपातील एका वादापुरती आहे, असे कोणाला वाटू नये, म्हणून त्याच प्रश्नाचा एक जुना आणि तितकाच सुंदर वाद येथे मांडतो. धूर दिसला की तिथे अग्नी असणार, असे अनुमान आपण करतो. त्यासाठी ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’ हा नित्य संबंध, म्हणजे व्याप्ती, माहीत असावी लागते. प्रत्यक्ष अनुभवापलीकडचे ज्ञान न मानणाऱ्या चार्वाकांची शंका अशी होती की सर्व काळातील आणि सर्व ठिकाणचे धूर कोणी पाहिलेले नाहीत, तेव्हा व्याप्तीची खात्री कधीच होऊ शकत नाही. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या नैयायिक उदयनाचार्यांनी याला दिलेले उत्तर असे: शंकेला मर्यादा असते, आणि ती मर्यादा शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीत असते. धूर अग्नीपासून होतो की नाही याविषयी ज्याला खरोखर शंका आहे, तो धूर हवा असताना अग्नी का पेटवतो? भूक भागवण्यासाठी अन्नाकडेच का वळतो? जी शंका स्वतःच्या वागण्याशी व्याघात पावते, म्हणजे त्याच्या विरोधात जाते, ती खरी शंका राहत नाही.

बाराव्या शतकात श्रीहर्षांनी उदयनाचार्यांचाच श्लोक घेतला, त्यातील थोडेच शब्द बदलले, आणि तोच श्लोक उलटवून दाखवला. त्यांचा मुद्दा असा की व्याघात म्हणजे शंका आणि कृती यांच्यातील विरोध. विरोध असायचा तर विरोधाची दोन्ही टोके असली पाहिजेत, म्हणजे शंकाही असलीच पाहिजे. मग ज्याच्या अस्तित्वासाठी शंका लागते, तो व्याघात शंकेचा शेवट कसा करणार? चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांनी नव्यन्यायाचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या नव्या शाखेचा, पाया घालणारा ग्रंथ लिहिला तेव्हा या आक्षेपाला वळसा घालून पुढे जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी उत्तर दिले की येथे व्याघात नावाची शंकेवर अवलंबून असलेली वेगळी वस्तू काम करत नाही. शंका घेणाऱ्याची कृतीच शंकेला अडवते, कारण अग्नी धुराचे कारण आहे असे धरून धुरासाठी अग्नी पेटवणे आणि त्याच वेळी ते कारण नसेल अशी शंका बाळगणे, या दोन गोष्टी एका मनात एकत्र नांदू शकत नाहीत.

या तिघांपैकी शेवटी कोण बरोबर, याविषयी जाणकारांत आजही मतभेद होऊ शकतात. स्वतः मला श्रीहर्षांचा आक्षेप पहिल्या वाचनात निव्वळ शब्दांचा खेळ वाटला होता. गंगेशांना त्यासाठी किती बारीक भेद करावा लागला हे पाहिल्यावर तो खेळ नाही हे ध्यानात आले. आक्षेपाची ताकद पुष्कळदा आक्षेप वाचून कळत नाही, त्याला मिळालेले उत्तर वाचून कळते.

याच परंपरेत वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा. त्याबरोबरच पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त आहे. आपला सिद्धान्त सांगण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आणि त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे, आणि मगच त्याचे उत्तर द्यायचे. ही केवळ सभ्यता नाही. दुबळ्या प्रतिपक्षाला हरवून जे मत सिद्ध होते ते दुबळेच राहते, त्यामुळे ज्याला आपले मत बळकट करायचे आहे त्याला प्रतिपक्ष बळकट करावाच लागतो. नागार्जुनाने आपल्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप स्वतःच मांडला: सर्व काही स्वभावशून्य असेल तर ‘सर्व स्वभावशून्य आहे’ हे तुझे वाक्यही शून्यच ठरेल, मग ते कशाचे खंडन करणार? त्याच्या उत्तराचा गाभा असा की शून्य असणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे. गाडी किंवा मडके स्वभावशून्य असूनही आपापले काम करतात, तसेच हे वाक्यही करते. शिवाय, माझी कोणतीही प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचे असे विधानच, नाही, तेव्हा तो दोष मला लागत नाही, असेही त्याने म्हटले. या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय, यावर त्याच्या भाष्यकारांनी शतकानुशतके वाद घातला.

प्लेटोने एका संवादात आपल्याच रूपसिद्धान्तावर वृद्ध पार्मेनिडीसच्या तोंडून असे आक्षेप घेतले आहेत की तरुण सॉक्रेटिस त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. देकार्तने १६४१ साली आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध करण्याआधी त्याची हस्तलिखिते विद्वानांकडे पाठवून आक्षेप मागवले आणि ते आक्षेप व आपली उत्तरे ग्रंथासोबतच छापली. आक्षेप घेणाऱ्यांत टॉमस हॉब्ज होता, पिएर गासेंडी होता; दोघेही त्याच्या मतांचे कडवे विरोधक. आपल्या ग्रंथात आपल्याविरुद्धचे पुरावे इतक्या विस्ताराने छापण्याची तयारी मला त्या ग्रंथातील कोणत्याही एका सिद्धान्ताइतकीच महत्त्वाची वाटते.

येथे एक शंका रास्त आहे. अडचण दाखवणे हेच मोठेपण असेल, तर एकच नेमकी अडचण दाखवणारा कोणीही थोर तत्त्वज्ञ म्हणायचा का? १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. ज्ञान म्हणजे सकारण आणि सत्य विश्वास, ही प्लेटोच्या काळापासून चर्चेत असलेली व्याख्या त्याने दोन उदाहरणांनी मोडीत काढली. त्याच धर्तीवरचे एक सोपे उदाहरण घेऊ. खिडकीत मित्राला पाहून ‘मित्र घरात आहे’ असे मी मानतो. प्रत्यक्षात खिडकीत त्याचा जुळा भाऊ उभा आहे, आणि तो भाऊ गावात आहे हे मला माहीत नाही. मित्र मात्र योगायोगाने आतल्या खोलीत खरोखरच आहे. माझा विश्वास सत्य आहे, त्याला चांगले कारणही आहे, पण मला ते ज्ञान होते असे म्हणायला आपण कचरतो. या तीन पानांनी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपाविषयीच्या तत्त्वज्ञानाचा, पुढच्या काही दशकांचा कार्यक्रम ठरवून टाकला.

तरीही गेटियरला ह्यूमच्या किंवा कांटच्या पंक्तीत सहसा कोणी बसवत नाही, आणि मला ते बरोबर वाटते. फरक आवाक्याचा आहे, आणि आवाका म्हणजे लिहिलेल्या पानांची संख्या नव्हे. थोर तत्त्वज्ञाच्या विचारात दूरदूरचे प्रश्न एकमेकांना बांधलेले असतात. कार्यकारणभाव ही अनुभवाची चौकट आहे असे कांटने म्हटले, तेव्हा तो केवळ विज्ञानाच्या पायाविषयी बोलत नव्हता. कारणांची साखळी जर अनुभवाच्या जगापुरती असेल, तर त्यापलीकडे माणूस स्वतंत्र असण्याची शक्यता उरते. आणि माणूस स्वतंत्र असू शकत असेल, तरच ‘तू हे करायला हवे होतेस’ या वाक्याला अर्थ राहतो. ज्ञानाविषयीच्या उत्तरातून नीतीविषयीचे उत्तर निघते, त्यातून ईश्वर आणि अमरत्व यांविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही तेही ठरत जाते. अशा विचाराच्या एका टोकाला हात लावला की दुसरे टोक हलते. गेटियरच्या उदाहरणांनी एक व्याख्या पाडली. कांटशी असहमत व्हायचे तर कोणत्या दगडापासून सुरुवात करायची आणि तो काढल्यावर काय काय कोसळेल, याचा हिशेब आधी करावा लागतो.

अर्थात सारे काही एका सूत्रात बांधण्याची हौस हेही मोठेपण नाही. तशा इमारती पुष्कळांनी बांधल्या आहेत, आणि त्या टिकल्या नाहीत याचे कारण बहुधा असे की वास्तवाने विरोध केला तेव्हा बांधणाऱ्याने वास्तवालाच मुरड घातली. याच्या उलट वागण्याचे सर्वांत हृद्य उदाहरण जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग याचे आहे. १८७९ साली त्याने तर्कशास्त्राची जी नवी लिपी मांडली तिने अॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्राचे रूप पालटले. त्याचे पुढचे आयुष्य अंकगणित हे तर्कशास्त्रातूनच निघते, हे सिद्ध करण्यात गेले. या कामाचा दुसरा खंड छापायला गेलेला असताना, जून १९०२ मध्ये, त्याला तरुण बर्ट्रांड रसेलचे पत्र आले. जे संच स्वतःचे सदस्य नाहीत अशा सर्व संचांचा मिळून एक संच कल्पावा. तो स्वतःचा सदस्य आहे का? आहे म्हटले तर नाही ठरते, नाही म्हटले तर आहे ठरते. फ्रेगच्या मूलभूत नियमांमधून हा विरोधाभास सरळ निष्पन्न होत होता. फ्रेगने काही दिवसांतच उत्तर पाठवून अडचण मान्य केली, तिचे महत्त्व रसेलला उलट अधिकच ठळकपणे सांगितले, आणि १९०३ साली निघालेल्या खंडाला एक परिशिष्ट जोडून आपल्या इमारतीचा पाया हादरल्याचे वाचकांना स्वतः कळवले. लुडविग विट्गेनश्टाइननेही असेच केले. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ग्रंथात तत्त्वज्ञानाचे प्रश्न मुळातून सोडवले आहेत असा त्याचा दावा होता. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली निघालेल्या दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने पहिल्या ग्रंथातील गंभीर चुकांची कबुली दिली आहे.

पण फ्रेगचेच नाव निघाले आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२४ सालच्या त्याच्या रोजनिशीत ज्यूंविषयीचा उघड द्वेष आणि लोकशाहीविषयीचा तिटकारा आढळतो. ज्याने बौद्धिक प्रामाणिकपणाचा इतका उंच मानदंड घालून दिला, त्याच माणसाने आपल्या पूर्वग्रहांना कसलीही तपासणी लावली नाही. थोर तत्त्वज्ञ असणे आणि थोर माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वीकारणे मला जड गेले आहे, आणि तरी ते स्वीकारण्यावाचून गत्यंतर नाही. तर्कशास्त्रातील त्याचे काम त्या रोजनिशीमुळे चुकीचे ठरत नाही, आणि त्या कामामुळे रोजनिशी क्षम्यही ठरत नाही.

दोष तत्त्वज्ञानाच्या आतच असतो तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे अॅरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथात म्हटले. याकडे ‘त्या काळी तसेच होते’ एवढे म्हणून दुर्लक्ष करता येत नाही, कारण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे मानणारे लोक त्याच्या काळात होते आणि त्याने त्यांचे मत नोंदवलेही आहे. शिवाय स्वामी आणि गुलाम यांची शरीरे वेगळी घडवण्याचा निसर्गाचा मानस असला तरी पुष्कळदा त्याच्या उलटच झालेले दिसते, असेही तो त्याच ठिकाणी मान्य करतो. प्राण्यांच्या बाबतीत त्याने निरीक्षण आणि सिद्धान्त यांत अशी तफावत पाहिली असती तर सिद्धान्ताचा पुन्हा विचार केला असता. येथे त्याने तो केला नाही. त्याच्या या मताविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद करण्यासाठी त्याच्याच तर्कपद्धतीचा उपयोग होतो, ही गोष्ट त्याचा दोष कमी करत नाही. पण त्याच्या चुका दाखवण्याची हत्यारेही त्यानेच घडवलेली असावीत, हे त्याच्या थोरपणाचे एक लक्षण नक्कीच आहे.

दुर्बोधतेविषयी थोडक्यातच सांगतो. कांट वाचायला कठीण आहे, आणि त्याला हे माहीत होते. १७८३ सालचे पुस्तक त्याने मोठ्या ग्रंथातील विचार अधिक सुगम करण्यासाठीच लिहिले. ह्यूम आणि देकार्त त्या मानाने पुष्कळच स्वच्छ लिहितात. तेव्हा कठीणपणाचा थोरपणाशी थेट संबंध नाही. कठीण मजकुरापुढे वाचकाने एवढेच विचारावे की हे मी माझ्या साध्या शब्दांत मांडले तर त्यातील युक्तिवाद शिल्लक राहतो का. कांटचा राहतो, आणि म्हणून ते कष्ट सार्थकी लागतात.

शेवटी एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर कोणत्याही तत्त्वज्ञाचा ताबा नसतो, आणि तिच्याविषयी लिहिताना मला नेहमी हळहळ वाटते. थोर ठरण्यासाठी विचार टिकावा लागतो, आणि विचार टिकण्यासाठी कागद, शिष्य, विरोधक आणि संधी लागते. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत आले नाहीत. त्यांची मते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या पूर्वपक्षांतून कळतात. सर्व प्रमाणांवर शंका घेणाऱ्या जयराशिभट्टांचा ग्रंथ छापून वाचकांपुढे आला तो थेट १९४० साली. सॉक्रेटिसने काहीच लिहिले नाही. त्याचे नाव राहिले ते त्याला प्लेटोसारखा शिष्य लाभला म्हणून.

आणि बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. निर्वासित घराण्यातील ही चोवीस वर्षांची तरुणी हेग येथे राहत होती. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहून विचारले की आत्मा जर निव्वळ विचार करणारे द्रव्य असेल, त्याला जागा व्यापण्याचा गुणच नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? हलवायचे तर ढकलावे लागते, ढकलायचे तर स्पर्श लागतो, आणि स्पर्शाला विस्तार लागतो. देकार्तच्या तत्त्वज्ञानावर घेतल्या गेलेल्या सर्व आक्षेपांत हा बहुधा सर्वांत जिव्हारी लागणारा होता, आणि मनाच्या तत्त्वज्ञानात आजही तो उभा आहे. देकार्तलाही त्याचे मोल कळले होते. पुढच्याच वर्षी निघालेला ग्रंथ त्याने तिला अर्पण केला. तिने मात्र स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही, देकार्तच्या मृत्यूनंतर आपली पत्रे छापू द्यायलाही नकार दिला, आणि ती पत्रे प्रसिद्ध झाली ती १८७९ साली. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत तिच्याशी वाद घालणे कोणालाही शक्य झाले नाही.

देकार्तने तिला आधी उत्तर दिले ते वजनाच्या उदाहरणाने: दगडाचे वजन दगडाला खाली नेते, तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्या पृष्ठभागाला ढकलतो असे आपण मानत नाही. तिचे समाधान झाले नाही. विस्तार नसलेल्या वस्तूला शरीर हलवण्याची शक्ती देण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे जाईल, असे तिने जूनमध्ये कळवले. त्यावर देकार्तने लिहिले की आत्मा आणि शरीर यांची एकी चिंतनाने कळत नाही, ती रोजच्या जगण्यातून आणि इंद्रियांच्या अनुभवातून कळते. एलिझाबेथचे उत्तर १ जुलै १६४३ चे आहे. आत्मा शरीराला हलवतो हे इंद्रियांवरून मलाही कळते, असे तिने लिहिले. पण तो ते कसे करतो, हे त्यांच्यावरून कळत नाही.